काळी चारपासून खाली

‘सूर मागू नये गं. समोरचा देईल तो घ्यावा, आणि जन्मापासून आपलाच होता असा गावा.’ आत्याचा हा आवाज तिला अजून ऐकू यायचा, तो नेहमी जरा दबलेला, जरा ओला. कारण आत्या गाणं शिकवायची ती कपडे वाळत घालता घालता, दातांत लाकडी चिमटे धरून, आणि तिचे सगळे नियम त्या चिमट्यांमधून गाळून बाहेर यायचे. गच्चीवर दोरीला पलंगपोस, पलंगपोसाआड आत्या, आणि अलीकडे ही, गुडघा खरचटलेली, तोंड उघडं टाकून उभी. आत्या स्वतः कधी चार माणसांत गायली नव्हती, पण नियम असे सांगायची की जणू मैफली जिंकून आली आहे. सूर मागणारी बाई आणि जेवताना मीठ मागणारा पाहुणा, दोघांनी आधी यजमानाचं तोंड पाहावं, असंही म्हणायची. तिला त्यातलं कळलं थोडं, पाळलं मात्र सगळं. पुढे गल्लीतल्या या हॉलमध्ये ती गायला लागली, पियानोवर तिचा धाकटा दीर बसायला लागला, आणि त्या दोघांची हीच रीत पडून गेली. एक गाणं संपायचं, टाळ्या पडायच्या, आणि त्या टाळ्यांच्या आडोशानं भावजी एका बोटानं पुढच्या गाण्याचा सूर देऊन ठेवायचे. तिच्याखेरीज तो कोणाला ऐकू जात नसे. पियानो तिच्या मागे, डाव्या हाताला. ती वळून बघत नसे, बोट कुठल्या पट्टीवर पडलं ते विचारत नसे. टाळ्या ओसरायच्या तोवर सूर तिच्या घशात येऊन बसलेला असायचा, दाराशी काढलेल्या चपलांत अंधारातही पाय बरोबर जावा तसा.

त्या दुपारी ती हॉलच्या मागच्या खोलीत काळ्या झग्याची उसवलेली बाही शिवत बसली होती. दुपारचा हॉल म्हणजे नाटकातल्या राजानं मुकुट काढून डोकं खाजवत बसावं तसा. खुर्च्या टेबलांवर पालथ्या, फरशी पुसल्याचा वास, आणि त्या वासाखालून आदल्या संध्याकाळचा शिळा धूर. शनिवारी गल्लीतले सगळे हॉल, तळघरं, चित्रांच्या खोल्या, बाहुल्यांचं थिएटर संध्याकाळपासून दारं उघडी टाकणार होते. वाटेल त्यानं यावं, कुठंही शिरावं. त्यासाठी आवाजाची यंत्रं सांभाळणारी मुलगी जुनी रेकॉर्डिंगं धुऊनपुसून घेत होती. हिला सगळे तारवाली म्हणत, कारण हिच्या गळ्यात कायम वायरींचं एक भेंडोळं असायचं. बाहेर काहीतरी खरखरलं, एक खोकला ऐकू आला, कोणीतरी खुर्ची सरकवली, आणि मग रिकाम्या हॉलमध्ये एक बाई गायला लागली.

नदी ओलांडून गेला, त्याचा वारा मागे राहे
रित्या अंगणात माझ्या, पान उलटून पाहे

आवाज तिचाच होता. कितीतरी वर्षांपूर्वी एक नेहमीचं गिऱ्हाईक टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवून बसलं होतं, त्याची ही टेप. तिला नवल वाटलं नाही. सुई चालत राहिली, आणि ओठ आपोआप त्या आवाजाबरोबर चालायला लागले. पहिली ओळ ती दबक्या आवाजात म्हणत गेली. जरा वर वाटली, पण बसून गाताना तसं वाटतंच. मग ‘रित्या’ आलं. ‘रित्या’वर गाणं उडी घेऊन वर जातं आणि तिथं थांबतं, पाणवठ्यावर घागर डोक्यावर घेताना बाई क्षणभर थांबते तसं. टेपमधली बाई गेली आणि थांबली. सुई धरलेली बाई गेलीच नाही. घशातून नुसती हवा आली. तिनं सुई बाहीत खोचून ठेवली आणि पुन्हा गाऊन पाहिलं, मनातल्या मनात. मनातही तो सूर हाताच्या वर राहिला, फडताळाच्या वरच्या फळीवरच्या डब्यासारखा, ज्याला पूर्वी सहज हात पुरायचा.

ती बाहेर आली. “तुझी टेप पळतेय,” ती म्हणाली.

“नाही मावशी,” तारवाली शिडीवरून म्हणाली. “मी पण आधी तेच म्हटलं. पण यात मधेच हॉलच्या दाराची घंटा वाजते बघा. ती पितळी. ती अजून तीच आहे ना? मी जाऊन वाजवून ताडून बघितली. टेप एकदम बरोबर आहे.”

“जुन्या टेपा ताणल्या जातात.”

“ताणल्या तर आवाज खाली येतो, वर नाही जात.” तारवाली शिडीवरून उतरली, पियानोपाशी गेली, आणि एक पट्टी दाबली. “हे बघा. ही काळी चार. यातच आहे ते. आणि गेल्या महिन्यातलं तुमचं गाणं आहे माझ्याकडे, ते इथं आहे.” तिचं बोट डावीकडे सरकलं आणि दुसरी पट्टी वाजली. “पांढरी चार. मला वाटलं तुम्हीच बदलली असेल.”

पियानोच्या पट्ट्यांना गल्लीतले वाजवणारे घरच्या माणसांसारखी हाक मारायचे: पांढरी चार, काळी तीन, काळी चार. डावीकडून उजवीकडे जावं तसा सूर चढायचा. काळी चारवरून पांढरी चारवर यायचं म्हणजे मधल्या पांढऱ्याला आणि काळ्याला धरून तीन पायऱ्या उतरायच्या. तीन पायऱ्या म्हणजे काही जिना नव्हे. पण त्या तीन पायऱ्या ती कधी उतरली हे तिला माहीत नव्हतं. ती नुसती खाली उभी होती.

“मीच बदलली,” ती म्हणाली. तोंडातून कसं निघून गेलं ते कळलं नाही.

“मग प्रश्नच नाही. माझं काय डोक्यात आहे सांगू? शनिवारी पहिलं कडवं अंधारात टेपवर. तेव्हाच्या तुम्ही. मग दिवा, आणि दुसरं कडवं तुम्ही उभ्या राहून. आत्ताच्या. मधे श्वासाचीसुद्धा फट नाही. फक्त पट्टी जुळवावी लागेल. मी टेप मशीनमध्ये खाली आणते, पांढरी चारवर. कोणाच्या बापाला कळणार नाही.”

कोणाच्या बापाला कळणार नाही. ती हसली, कारण इथं हसायला हवं होतं, आणि जरा वारा खाऊन येते म्हणून दाराबाहेर पडली.

गल्ली अजून जागी व्हायची होती. तळघराच्या तोंडाशी रिकाम्या बाटल्यांचे क्रेट एकावर एक रचलेले, आणि त्यांच्या सावलीत तळघराचा ढोलवाला उताणा पडून बिडी ओढत होता. सुताचं गोदाम होतं तिथं आता चित्रं लावत. एक बाई भिंतीपासून चार पावलं मागं जाऊन मान वाकडी करून बघत होती, आणि दुसरी स्टुलावर चढून तिच्या मानेप्रमाणे चौकट वाकडी करत होती. ती स्वतः लग्न होऊन इथं आली तेव्हा गोदाम गोदामच होतं आणि संध्याकाळी गल्लीत दिवा असा या हॉलचाच. तिच्या नवऱ्याच्या हातात हॉलचं दार होतं. त्यांना गाण्यातलं ओ की ठो कळत नसे. चांगलं गाणं म्हणजे जे संपेपर्यंत कोणी उठून जात नाही ते, अशी त्यांची व्याख्या, आणि दाराशी उभ्या माणसाला हे दुसऱ्या कोणापेक्षा बरोबर कळायचं. तिला या सगळ्यातून चालताना विशेष काही वाटत नव्हतं. घसा तेवढा जाणवत होता, नव्या जोड्यात पाय जाणवतो तसा. ती पावलागणिक गिळत होती आणि आत काय काय आहे ते चाचपत होती. आवाज पिकतो, असं ती म्हणायची. शिकायला येणाऱ्या मुलींना म्हणायची, अगं, वय वाढलं की आवाज सैल पडतो असं लोक म्हणतात, पण राखला तर सैल नाही पडत, मुरतो. मला बघा, पूर्वी ‘रित्या’वर जाताना पोटात गोळा यायचा, आता गोळा येत नाही, घरच्या घरात या खोलीतून त्या खोलीत जावं तशी जाते. मुली लिहून घ्यायच्या. भावजी मागे बसून पियानोवरची धूळ पुसायचे. रुमालाची घडी घालून, एकेक पट्टी, आवाज न होऊ देता.

गोळा कधी यायचा थांबला? हे तिला आठवायला लागलं आणि आठवू नये असं वाटलं, दोन्ही एकदमच. नवरा गेला त्या वर्षी ती काही दिवस गायली नव्हती. मग एका संध्याकाळी आली आणि उभी राहिली. दाराशी दुसराच कोणी माणूस होता. टाळ्या पडल्या, त्या गाण्याआधीच पडल्या, लोकांना काय करावं कळत नव्हतं म्हणून, आणि त्यांच्या आडोशानं भावजींनी सूर दिला. तिला पक्कं आठवत होतं की त्या दिवशी ‘रित्या’ला ती घाबरली होती, तिथं आपण फुटणार असं धरूनच चालली होती, आणि फुटली नाही. वाट रुंद झाली होती. ती अगदी हाच शब्द स्वतःशी म्हणाली होती. दुःखानं माणसाची वाट रुंद होते, आपल्या आवाजात आता काहीतरी आलं आहे, जे आधी नव्हतं. हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं, पण त्यावर ती कितीतरी वर्षं जगली होती. घरात एकटं जेवताना, पावाचा तुकडा चहात बुडवताना तिला ते आठवायचं आणि बरं वाटायचं, की गेलेला माणूस काहीतरी ठेवून गेला. आता भर उन्हात ती क्रेटच्या सावलीशी उभी होती, आणि तिथं दुःख नव्हतं, नवरा नव्हता, एक बोट होतं, जे एक पट्टी डावीकडे पडलं होतं.

बाहुल्यांच्या थिएटरची तिकिटाची खिडकी उघडी होती, आणि खिडकीत उसासाबाई बसली होती. उसासाबाई म्हणजे एके काळी पलीकडच्या नाचाच्या हॉलमध्ये गाणारी. प्रत्येक ओळीच्या शेवटी उसासा टाकायची, म्हणून हे नाव. दोघी एका वयाच्या, एका गल्लीतल्या, आणि जन्माच्या वैरिणी असल्यामुळे एकमेकींची तब्येत नेमकी माहीत असणाऱ्या.

“काय गं, दुपारची बाहेर?” उसासाबाई म्हणाली. “ऊन लागून वितळशील. मेणाच्या बाहुल्या आमच्याकडे आतल्या खोलीत ठेवतात.”

“तुला बरी खिडकीत ठेवलीय.”

“मला बघून पोरं घाबरतात, रांग सरळ राहते.” तिनं खिडकीतून एक स्टूल पुढं सरकवलं. “बस. तोंड का असं? दात दुखतोय?”

ती बसली. आत कोणीतरी दोऱ्या ओढून बघत होतं, लाकडी पायांचा टकटक आवाज येत होता. “तू पट्टी उतरवलीस,” ती म्हणाली, “तेव्हा काय झालं होतं?”

उसासाबाईनं तिकिटांची गड्डी बाजूला ठेवली. “काय व्हायचंय? वरचा सूर लागेना. वाजवणाऱ्याला सगळ्यांसमोर सांगितलं, बाबा रे, एक पट्टी खाली घे, माझी शिडी तुटली. लोक हसले. मी पण हसले. दुसऱ्या दिवशी गल्लीभर झालं. तू तर म्हणे नक्कल करून दाखवलीस, एक पट्टी खाली घे, मग दोन घे, मग मला खुर्चीच दे.”

“दाखवली.”

“चांगली जमली होती म्हणे.”

“तुला माहीत होतं? माझं?”

“माझ्या कानांत काय बोळे घातलेत?” उसासाबाई म्हणाली. “अगं, गल्लीत ज्याला कान आहेत त्या सगळ्यांना माहीत होतं. ढोलवाल्यालासुद्धा माहीत होतं, आणि त्याला तर आपण कोणत्या गल्लीत राहतो तेही धड माहीत नसतं.”

“मग बोलली का नाहीस? एवढी संधी तू सोडलीस?”

“तुझे ते पियानोवाले भावजी एकदा इथं येऊन उभे राहिले. या खिडकीशी. मला वाटलं बाहुल्या बघायच्या असतील, माणूस म्हातारपणी कशालाही लागतो. तर म्हणाले, बाई, तुम्ही तेवढं बोलू नका. मी म्हटलं, आणि बोलले तर? तर टोपी काढली, परत घातली. आता असल्या माणसाशी काय भांडणार?” मग ओळीच्या शेवटी टाकायची तसा एक उसासा तिनं टाकला, आणि तो मात्र खरा होता. “तुला खरंच ठाऊक नव्हतं? मी समजत होते तू पाजी आहेस. तू नुसतीच बावळट निघालीस.”

तिला राग यायला हवा होता, आला नाही. सगळी गल्ली तिला त्या क्षणी चित्रांच्या खोलीतल्या त्या दोन बायकांसारखी दिसली. ही मान वाकडी करून उभी, आणि सगळे मिळून तिच्या मानेप्रमाणे चौकट वाकडी करताहेत. लोक टाळ्या वाजवायचे ते गाण्याला की तिच्या वाकड्या मानेला, हे आता कसं कळणार? एवढंच तिला कळून घ्यायचं होतं, आणि ते एकाच माणसाला ठाऊक होतं. शनिवारचं काय ते नंतर. पण दया म्हणून मिळालेल्या सुरावर आपण इतकी वर्षं आपलं म्हणून गायलो असू, तर शनिवारी काय आणि कधीच काय. दुखऱ्या बैलाच्या मानेवरचं जू शेतकरी हळूच सैल करतो, आणि बैलाला वाटतं आपली ताकद वाढली. तो बैल चांगला असतो. पण तो बैल असतो.

ती परत आली तेव्हा हॉलच्या वरच्या काचांतून उतरतं ऊन पियानोवर पडलं होतं आणि भावजी येऊन बसले होते. टपाल कचेरीत होते तेव्हापासून त्यांची सवय, वेळेच्या आधी यायचं आणि उशीर झाल्यासारखी घाई करायची. लग्न केलं नव्हतं. चांभाराच्या दुकानावरच्या खोलीत राहायचे, आणि खाली दिवसभर ठोकाठोकी चालते म्हणून आपल्याला ताल फुकट मिळतो असं म्हणायचे. तारवाली शिडीवर होतीच.

“वहिनी, तुम्ही शनिवारी दोघी गाणार म्हणे,” ते म्हणाले. “एक तरुण आणि एक तुम्ही. मला सांगा, मी कुणाच्या बाजूनं वाजवू?”

ती आपल्या जागी जाऊन उभी राहिली, त्यांच्याकडे पाठ करून, रोजच्यासारखी. “द्या,” ती म्हणाली.

त्यांनी सूर दिला. आज टाळ्या नव्हत्या. तो एकटा सूर हॉलभर उघडा पडला, बाजारात एखाद्याचं नुसतं बोट दिसावं आणि माणूस दिसू नये तसा. आणि ती वळली. इतक्या वर्षांत प्रथमच तिनं वळून ते बोट कुठं आहे ते पाहिलं. नखाशी जरा वाकलेलं, स्वच्छ, पांढरी चारवर ठेवलेलं. भावजींनी ते उचललं नाही. पकडलेला माणूस हात मागे घेत नाही, तसं ते तिथंच राहिलं.

“काळी चार द्या, भावजी.”

“कशाला?”

“द्या तर.”

त्यांनी दिली. ती गायली. ‘नदी ओलांडून गेला’ ठीक गेलं, ‘वारा मागे राहे’पाशी तिनं श्वास घेतला, आणि ‘रित्या’वर आवाज बारीक होत गेला, सुईच्या नेढ्यात न जाणाऱ्या दोऱ्यासारखा फाटला, आणि राहिला. भावजींनी वाजवणं थांबवलं नाही, फक्त हात इतके हलके केले की पट्ट्यांचं लाकूडच तेवढं ऐकू येत होतं. मग तेही थांबलं. शिडीवर तारवालीनं वायर गुंडाळायचं सोडून दिलं होतं.

“पहिली कधी?” तिनं विचारलं.

ते न समजल्याचं सोंग करणार होते. तोंड तयारही झालं होतं. मग त्यांनी ते पुसून टाकलं. “दादा गेला त्या वर्षी.”

“दुसरी?”

“तुम्हाला तो लांबलेला खोकला झाला तेव्हा.”

“खोकला बरा झाला होता.”

“हो. मी परत वर नेली नाही.”

“आणि तिसरी?”

“तिसऱ्या वेळी काही झालं नव्हतं,” ते म्हणाले. “नुसतं वय झालं होतं. तुमचं आणि माझंपण.”

“मी मुलींना सांगत होते, आवाज राखावा लागतो. तुम्ही मागे बसून ऐकत होता.”

“मग, राखलाच होता की. दोघांनी मिळून.”

शिडीवरून बारीक हसू आलं आणि लगेच गिळलं गेलं. तिला स्वतःलाही हसू येईल अशी भीती वाटली. या माणसाचं हे नेहमीचंच, जिथं बोट ठेवावं तिथून टुणकन बाजूला. बाहेर तळघराच्या दारावरचा दिवा लागला, मग सुताच्या गोदामावरचा, मग कुठला तरी लांबचा, आणि गल्लीत पहिली पावलं वाजायला लागली. ती ऐकत राहिली. या आवाजाची तिला इतकी सवय होती की तो आपल्यासाठी आहे की नाही, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं.

“मावशी,” तारवाली हळूच म्हणाली, “मग टेप खाली आणू ना? पांढरी चारवर?”

“नको. आहे तिथं राहू दे तिला,” ती म्हणाली. “ती काळी चारवर गाईल. तिचं कडवं संपलं की भावजी तिथून पियानोवर सूर उचलतील आणि खाली आणतील. एकेक पायरी, सगळ्यांच्या देखत. दिवा लावूनच. मी पांढरी चारवर उभी असेन, तिथं मला द्या.”

“सगळ्यांना कळेल मग,” तारवाली म्हणाली.

“कळू दे.”

भावजी मान हलवत होते. “मला नाही जमायचं ते.”

“का? बोटं झिजली?”

“वर्षं लागली त्याला, वहिनी. दोन ओळींत कसं आणू?”

“आणा.”

त्यांनी रुमाल काढला, हात पुसले, रुमाल मांडीवर ठेवला. मग काळी चारवरून सुरुवात केली. पहिली पायरी उतरताना ते अडखळले आणि पुन्हा वर गेले. पुन्हा उतरले. त्या सुरांत तिला काही दिसेल असं तिला वाटलं नव्हतं, पण पहिल्या पायरीवर दाराशी उभा दुसराच माणूस दिसला, आणि गाण्याआधीच पडलेल्या टाळ्या. मग ते काळी तीनवर आले, तिथं रेंगाळले, आणि तिला औषधाच्या बाटलीतला कडू चमचा आठवला, आणि खोकला थांबल्यावर गायला उभी राहिली ती संध्याकाळ, जेव्हा तिला वाटलं होतं की आपण दुखण्यातून उठून जास्तच चांगल्या झालो. शेवटची पायरी ते इतकी सावकाश उतरले की ती उतरली केव्हा हे कोणी सांगू शकलं नसतं. आणि पांढरी चार आली. घर यावं तशी आली. तिच्या घशानं ती ओळखली, तिच्या आधी ओळखली. ती गायली नाही. हात पियानोच्या लाकडावर ठेवून नुसती उभी राहिली.

“एवढं एक सांगा,” ती म्हणाली. “दया आली होती माझी?”

भावजी पट्ट्यांकडेच बघत होते. त्यांनी टोपी काढली, तिच्या आत पाहिलं, परत घातली. तारवाली शिडीवरून उतरली आणि काहीतरी आणायचं असल्यासारखी मागच्या खोलीत गेली. जाताना दार तिनं ओढून घेतलं.

“दया नाही,” ते म्हणाले. “मी तसलं नाही करत. सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी गाणं सोडलं असतं. मी ओळखतो तुम्हाला. मागून घेणं तुमच्यात नाही.” मग त्यांनी मांडीवरचा रुमाल उचलून पांढरी चार पुसली, आवाज न होऊ देता. “आणि तुम्ही घरी बसला असता, वहिनी, तर रोज संध्याकाळी तुमच्या मागे मला कोणी बसू दिलं असतं?”